भावना शिकवणारं यंत्र आणि शेजारी बसणारी आई

ऑटिझम हा विषय स्त्री-चळवळीत फारसा बोलला जात नाही. हुंडा, मारहाण, संपत्तीतला वाटा, पाणी, रेशन, रोजगार हमी यांवर आपण मोर्चे काढले, शिबिरं घेतली, पत्रकं वाटली. ऑटिझम हा डॉक्टरांचा, विशेष शाळांचा, नाहीतर त्या त्या घरचा प्रश्न, अशीच समजूत राहिली. पण गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवा फाटा फुटला आहे. ऑटिझम असलेल्या मुलांना भावना शिकवणारी ॲप, संगणकावरचे खेळ, बोलणारे यंत्रमानव, इतकंच काय, समोरच्याचा चेहरा वाचून 'हा रागावला आहे' असं सांगणारे चष्मेसुद्धा तयार झाले आहेत. त्यांच्याविषयी जे लिहिलं जातं त्यात एक मूल असतं आणि एक पडदा असतो. मुलाच्या शेजारी रोज बसणारी, पडदा चालू करून देणारी, मूल उठून गेलं की त्याला परत आणणारी बाई त्यात क्वचितच दिसते. म्हणून हा विषय आपला आहे.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि गेली दहा-अकरा वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये अपंग मुलांच्या आयांच्या गटांबरोबर काम करते आहे. या गटांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, माझं पोरगं माझ्याकडं बघून हसत नाही. मोबाइलवर असं काही आहे का, ज्यानं त्याला माझं मन कळेल?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्यामागे फार मोठा एकटेपणा असतो. पण त्याचं उत्तर देण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात, असं मला वाटतं. हे यंत्र कोणाच्या भावना शिकवतं? आणि ते चालवायला कोणाचे तास खर्ची पडतात?

यंत्रं नेमकं काय करतात?

आधी थोडं ऑटिझमबद्दल. हा रोग नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतला तो वेगळेपणा आहे आणि तो लहानपणापासूनच असतो. काही मुलं उशिरा बोलतात, काही बोलतच नाहीत, काही भरभरून बोलतात. आवाज, उजेड, स्पर्श अनेकांना सहन होत नाही. ठरलेला क्रम मोडला की फार त्रास होतो. चेहऱ्यावरच्या हावभावांवरून, आवाजाच्या चढउतारावरून दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं अनेकांना अवघड जातं. पण सगळ्यांना नाही, आणि सारखंच नाही. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ आहे. 'हे मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला इतरांचं काही नाही' असा निवाडा त्या शब्दात आधीच देऊन टाकलेला आहे. म्हणून मी ऑटिझम हाच शब्द वापरते.

यंत्रांमागचा विचार असा. जिवंत माणसाचा चेहरा क्षणाक्षणाला बदलतो. संगणक मात्र तोच चेहरा हजार वेळा तसाच दाखवतो, मुलाच्या गतीने थांबतो, चुकलं तर वैतागत नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये 'माइंड रीडिंग' नावाचा संगणकावरचा संच काढला. त्यात ४१२ भावना २४ गटांत बसवल्या होत्या आणि प्रत्येक भावना नटनट्यांच्या चेहऱ्यांतून आणि आवाजांतून दाखवली होती. पुढे दोन-तीन वर्षांतच त्यांनी लहान मुलांसाठी 'द ट्रान्सपोर्टर्स' ही १५ भागांची मालिका केली. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना चाकं, रूळ, ठरलेल्या मार्गाने जाणारी वाहनं आवडतात. म्हणून त्यांनी आगगाडी, ट्राम अशा वाहनांवर खऱ्या माणसांचे चेहरे बसवले. हार्टफर्डशायर विद्यापीठात केर्स्टिन डाउटेनहान या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने २००५ मध्ये 'कॅस्पर' हा लहान मुलाएवढा यंत्रमानव तयार केला. त्याच्या चेहऱ्यावर मुद्दामच थोडे हावभाव ठेवले, म्हणजे मूल गोंधळत नाही. गुदगुल्या केल्या की तो हसतो, मारलं तर 'दुखलं' म्हणतो.

सगळ्यात गाजला तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा चष्मा. त्यातला कॅमेरा समोरच्याचा चेहरा टिपतो, मोबाइलवरची प्रणाली त्यावरून भावना ठरवते आणि मुलाला ती चित्राने किंवा आवाजाने सांगते. या चष्म्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६ ते १२ वयाची ७१ मुलं त्यात होती. निम्म्याहून अधिक मुलांना नेहमीच्या उपचारांबरोबर हा चष्मा सहा आठवडे, आठवड्यातून चार वेळा, दर वेळी २० मिनिटं घरी वापरायला दिला. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांची सामाजिक कौशल्यं वाढलेली दिसली. पण त्या ७१ मुलांमध्ये ६३ मुलगे होते. मुली फक्त आठ. शिवाय ज्या गूगल ग्लास चष्म्यावर हा सगळा डोलारा उभा होता, त्याची विक्री कंपनीने २०२३ मध्ये थांबवली.

म्हणजे ही यंत्रं निरुपयोगी आहेत का? तसं मुळीच नाही. 'द ट्रान्सपोर्टर्स'चा २०१० मधला अभ्यास सांगतो की चार आठवडे रोज ही मालिका पाहिलेल्या ४ ते ७ वयाच्या मुलांना भावना अधिक चांगल्या ओळखता येऊ लागल्या. मात्र ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये याच मालिकेचा अभ्यास बौद्धिक अडचणीही असलेल्या मुलांवर झाला, तेव्हा फायदा फार मर्यादित दिसला. पडद्यावर शिकलेलं घरात, अंगणात, शाळेत उतरवणं हेच खरं अवघड काम आहे. तिथे माणूस लागतं. आणि 'माणूस' म्हटलं की आपल्या घरांत कोण पुढे येतं हे मी सांगायला नको.

आधी आरोपी, मग शिक्षिका

ऑटिझमचा इतिहास हा आयांना दोष देण्याचाही इतिहास आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचं वर्णन करून या स्थितीला वैद्यकात जागा दिली. त्यांनीच या मुलांचे आईवडील थंड स्वभावाचे असल्याचं नोंदवलं आणि पुढे शीतकपाटाची उपमाही वापरली. १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक लिहिलं आणि या मुलांच्या स्थितीची तुलना छळछावणीतल्या कैद्यांशी केली. छावणीचे पहारेकरी कोण, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शिक्का त्या काळात हजारो बायकांच्या कपाळी बसला. खरं तर त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी ऑटिझमचं मूळ शरीरात असल्याचं पुस्तकातून मांडलं होतं. ते स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावा दिला. तरी तो शिक्का पुसला जायला फार वर्षं लागली.

आपल्याकडे हा शिक्का नव्या रूपात परत आला आहे. "तू मोबाइल हातात दिलास म्हणून पोर असं झालं." सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी कधी दवाखान्यातही ऐकायला मिळतं. मोबाइलमुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. लहान मुलांना पडदा कमी द्यावा हे वेगळं, आणि ते बरोबरच आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. पण सल्ला देणं वेगळं आणि आईला पिंजऱ्यात उभं करणं वेगळं.

आता गंमत पाहा. जिला काल 'मोबाइल का दिलास' म्हणून दोष दिला, तिलाच आज 'हे ॲप रोज अर्धा तास करून घ्या' असं सांगितलं जातं. नाही जमलं तर पुन्हा दोष तिचाच: "तुम्ही घरी सराव घेत नाही, म्हणून प्रगती नाही." वर्षानुवर्षं मी हे वाक्य आयांच्या तोंडून ऐकते आहे. वडिलांना कोणी असं सुनावल्याचं मला आठवत नाही.

कोणाचे तास?

हे अर्धे तास येतात कुठून? भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या आणि त्यांचा दिवसातला सुमारे १४० मिनिटं वेळ त्यात गेला. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. यात स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी भरणं धरलेलं नाही. ते निराळं मोजलं जातं.

हे सरासरी घराचं झालं. ज्या घरात ऑटिझम असलेलं मूल आहे तिथे काय होतं? आमच्या गटातल्या अनेकजणींनी काम सोडलं आहे. कोणी धुण्याभांड्याची चार घरं करत होती, ती दोनवर आली. कोणी शिवणाचं काम घरी आणलं. विशेष शाळा लांब, रिक्षाचा खर्च, शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून राहणं. त्यात हा नवा अभ्यास. मोबाइल बहुधा नवऱ्याचा. तो रात्री नऊला घरी येणार, म्हणजे ॲपही नऊलाच. तेव्हा मूल पेंगुळलेलं असतं आणि आईसुद्धा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या. पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले असतील, पण फोन कोणाच्या हातात राहतो हा प्रश्न मिटलेला नाही. घरी वापरायचं साधन बनवताना घर कसं असतं याचा विचार कोणी करायचा?

एका खोलीच्या घरात टीव्ही चालू, धाकटं रडतंय, सासरे खोकताहेत, आणि आईने मुलाला पडद्यावरचा 'शांत चेहरा' दाखवायचा. हे चित्र मी अनेक घरांत पाहिलं आहे. या बायकांची जिद्द मोठी आहे. पण जिद्दीचं कौतुक करून तिच्यावर आणखी एक काम टाकणं, ही पितृसत्तेची जुनी पद्धत आहे.

चेहरा आणि मन

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. ही यंत्रं कोणाच्या भावना शिकवतात?

बहुतेक साधनांची सुरुवात सहा भावनांपासून होते: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या मांडणीतून ही यादी आली. जगभर माणसाचा चेहरा या भावना सारख्याच दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारहून अधिक अभ्यास तपासून सांगितलं की चेहऱ्यावरून भावना इतक्या खात्रीने ओळखता येत नाही. रागावलेला माणूस प्रत्येक वेळी कपाळाला आठ्या घालत नाही, आणि आठ्या घालणारा प्रत्येकजण रागावलेला नसतो.

आपल्याला, बायकांना, हे कळायला संशोधन लागू नये. 'सून हसतमुख हवी' हे आपण स्थळ पाहण्यापासून ऐकत आलो. मारहाण झालेल्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तर बाई हसून चहा पुढे करते. साहेबांच्या अचकट विनोदावर कामावरची मुलगी हसते, कारण न हसणं परवडत नाही. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून दाखवलं की हसू हासुद्धा श्रम असतो आणि तो विकला जातो. अशा जगात 'ओठ वर गेले म्हणजे आनंद' हा धडा मुलाला द्यायचा म्हणजे त्याला अर्धं खोटंच शिकवायचं.

आमच्या गटातल्या एका आईने सांगितलेलं मला फार महत्त्वाचं वाटतं. तिचा नऊ वर्षांचा मुलगा चेहऱ्याकडे बघत नाही. भावनांची चित्रं दाखवली तर पाचांतली एखादी बरोबर सांगतो. पण ती म्हणाली, "मी भांडी जोरात ठेवली ना, की हा उठून पाण्याच्या पिंपामागं जाऊन बसतो. वडील दारू पिऊन आले तर चपलेच्या आवाजावरनं ओळखतो." हे मूल भावना ओळखत नाही असं कोण म्हणेल? तो चेहऱ्याऐवजी आवाज वाचतो. ॲपच्या चाचणीत मात्र त्याला पाचांत एकच गुण.

डेमियन मिल्टन या इंग्लंडमधल्या समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये एक साधी पण मूलभूत गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणतात, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? समजुतीतला खड्डा दोन्ही बाजूंनी असतो. तो भरायचं काम मात्र एकाच बाजूवर टाकलं जातं, आणि ती बाजू कमी ताकदीची असते. बायकांनी हे आयुष्यभर अनुभवलं आहे. मालकाचा मूड मोलकरणीने ओळखायचा, नवऱ्याचा बायकोने. उलटं शिकवणारं यंत्र अजून कोणी काढलेलं नाही.

भाषेचंही तेच. बरीच साधनं इंग्रजीत असतात. मराठी केली तरी सहा शब्दांचं भाषांतर होतं. रुसणं हा राग नव्हे. रुसलेल्याला कोणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं. हिरमुसणं, ओशाळणं, भेदरणं, हुरहूर लागणं, कानकोंडं होणं, जीव कासावीस होणं यांना त्या यादीत जागा नाही. मूल घरात हेच शब्द ऐकतं. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाचं तर विचारूच नका.

'नको' म्हणण्याचं बटण

मुलींचा मुद्दा वेगळा काढून सांगायला हवा. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहून असं दिसलं की ऑटिझम असलेल्या मुलग्यांचं मुलींशी प्रमाण चारास एक म्हणतात, ते प्रत्यक्षात तीनास एकच्या जवळ आहे. म्हणजे बऱ्याच मुलींचं निदानच होत नाही. आपल्याकडे गप्प मुलगी 'गुणाची' ठरते, नजर न मिळवणारी 'लाजाळू' ठरते. अनेकजणी इतरांचं बघून बघून हसू, नजर, बोलणं यांची नक्कल शिकतात आणि त्यात थकून जातात. अशा मुलीला यंत्राने आणखी 'योग्य चेहरा' करायला शिकवलं आणि शांत बसली की चांदणी दिली, तर तिच्या हाती काय लागलं? आज्ञाधारकपणा. मोठ्यांनी जवळ घेतलं तर हसायचं, ओरडायचं नाही, हे शिकलेली मुलगी किती असुरक्षित होते, हे लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत काम केलेल्या कार्यकर्तींना ठाऊक आहे.

म्हणून मला दुसऱ्या जातीची साधनं जास्त मोलाची वाटतात. ती मुलाला दुसऱ्याचा चेहरा वाचायला लावण्याऐवजी स्वतःचं मन सांगायला मदत करतात. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन विभागाने केलेलं 'जेलो' हे ॲप त्यांपैकी एक. ते विनामूल्य आहे, मराठीत आहे, आणि त्यातली चित्रं आपल्या ओळखीच्या जगातली आहेत. मूल एखाद्या चित्रावर बोट ठेवतं आणि बाजूच्या बटणांनी आवडतं, आवडत नाही, हो, नाही, अजून, कमी, असं सांगतं. ॲप ते मोठ्याने बोलतं. न बोलणाऱ्या मुलीच्या हाती 'नाही' आणि 'आवडत नाही' आलं, की तिला स्वतःची बाजू मांडता येते.

याला कायद्याचाही आधार आहे. मुलांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अशी तरतूद आहे की अपंग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते. ज्या मुलीला चित्रांनी बोलण्याची सवय आहे तिची साक्ष उभी राहू शकते. पण तिच्या चित्रफळ्यावर शरीराचे अवयव, 'दुखतं', 'भीती वाटते', 'हात लावू नको' हे असायला हवं. 'कसलं अश्लील' म्हणून शाळा ते वगळतात. आपण आग्रह धरायला हवा.

गोव्यातलं एक काम

तंत्रज्ञान म्हणजे महागडंच असं नाही. 'पास' नावाचा एक प्रयोग गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. २ ते ९ वयाची ६५ मुलं त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ते काम केलं. मूल आणि पालक खेळत असताना त्यांचं थोडं चित्रीकरण करायचं. मग पालकाबरोबर बसून ते पाहायचं: इथे मुलाने तुमच्याकडे काय मागितलं? तुम्ही ते कधी ओळखलंत? ज्या कुटुंबांना हे मिळालं, तिथे पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुलंही आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. अभ्यास लहान होता, सगळंच सुधारलं असंही नाही.

यातली दिशा मला पटते. इथे पडदा मुलाला सुधारत बसत नाही. मोठा माणूस मुलाची भाषा शिकतो. मिल्टन ज्या दुसऱ्या बाजूबद्दल बोलतात ती बाजू इथे हलते. शेजारी बसायला एक कार्यकर्ती असते, आई एकटी पडत नाही. हे काम वडिलांबरोबर, आजोबांबरोबरही तितकंच करता येईल. नुसतं 'पालक' असं लिहून चालणार नाही. बोलावताना वडिलांचं नाव घेऊन बोलवावं लागेल.

मात्र असे कार्यक्रम गावोगाव न्यायचे म्हटलं की आशा आणि अंगणवाडी सेविकांकडेच बोट दाखवलं जातं. तेव्हा ऑगस्ट २०२१ आठवावा. शासनाने दिलेले मोबाइल निकृष्ट आहेत, ॲपमध्ये इंग्रजी आहे, म्हणून राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी ते मोबाइल परत केले होते. तंत्रज्ञान आलं की बायकांचं काम हलकं होतं ही समजूत त्यांनी खोडून काढली. जास्तीचं काम असेल तर प्रशिक्षण हवं, चांगलं साधन हवं आणि जास्तीचा मोबदला हवा.

आपण काय करू शकतो?

पहिलं, मातृदोषाविरुद्ध बोलणं. 'आईने मोबाइल दिला म्हणून' हे वाक्य बैठकीत, दवाखान्यात, शाळेत कुठेही आलं तर तिथेच थांबवावं. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ या एका आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. अपराधीपणातून बाहेर पडलेल्या आया काय उभारू शकतात, याचं ते उदाहरण आहे.

दुसरं, कोणतंही साधन घरात येण्याआधी काही प्रश्न विचारणं. ते आमच्या भाषेत आहे का? इंटरनेटशिवाय चालतं का? मुलीला 'नाही' म्हणता येतं का? रोज किती वेळ लागेल, आणि तो वेळ घरातलं कोण देणार? त्यात कॅमेरा असेल तर आमचे चेहरे कुठे साठवले जातात? युरोपीय संघाने शाळांत आणि कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना त्यातून सूट आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी असं म्हटलं आहे. न वाचता अंगठा दाबणं ही संमती नव्हे. गटांनी अशी संमतीपत्रं एकत्र बसून वाचावीत.

तिसरं, पैशाची मागणी. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये तो आला. याच कायद्याच्या २४ व्या कलमात जास्त मदतीची गरज असलेल्या व्यक्तींसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता सांगितला आहे, तोही 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पळवाट ठेवून. आपल्या जिल्ह्यात किती जणांना तो मिळतो, हे माहितीच्या अधिकारात विचारावं. देखभाल हे काम आहे असं कायद्याने निदान तत्त्वतः मान्य केलं आहे. ते पदरात पाडून घेण्यासाठी अपंगांच्या संघटना आणि स्त्री-संघटना एकत्र यायला हव्यात.

चौथं, ऑटिस्टिक व्यक्तींना, विशेषतः तरुण मुलींना आणि बायकांना, या चर्चेत बोलावणं. त्यांच्यासाठी काय चांगलं हे आपणच ठरवायचं, ही चूक पुरुषांनी आपल्याबाबत पुष्कळ केली. आपण ती त्यांच्याबाबत करू नये.

गटात येणाऱ्या आयांना मी आता असं सांगते: ॲप जरूर वापरा, पण त्यात पोराचं मन तुम्हाला कळायची सोय आहे का ते आधी बघा. आणि आठवड्यातले निदान तीन दिवस ते चालवायला वडिलांनी बसायचं, हे घरात ठरवून घ्या. काही घरांत ते जमलं आहे. बऱ्याच घरांत अजून भांडण चालू आहे. तुमच्या गटांमध्ये अशा मुलांच्या आया असतील, तर त्यांचे अनुभव पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. जिला लिहिता येत नाही तिचं म्हणणं दुसरीने लिहून घ्यावं.